टीएसएच ६.८ आलाय, गोळी सुरू करू का?

पत्र थोडक्यात असं : कोल्हापूरच्या उपनगरात राहणाऱ्या, पतसंस्थेत कॅशियर असलेल्या ४१ वर्षांच्या वाचक. दीड वर्षापासून सतत थकवा. वजन ६ किलोनं वाढलं, केस गळतात, पोट साफ होत नाही, पाळीला अंगावरून फार जातं. रंकाळ्याला पूर्वी पूर्ण फेरी व्हायची, आता निम्म्यातच बाकावर बसावं लागतं. नोटा मोजताना बोटं बधिर होतात आणि दोन महिन्यांत दोनदा कॅश जुळली नाही. संस्थेच्या आरोग्य शिबिरात रक्त तपासलं, त्यात टीएसएच (थायरॉईडसाठीची रक्ततपासणी) ६.८ आला. एका डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी सुरू करायला सांगितली, दुसऱ्यांनी थांबा म्हटलं. शेजारणीनं ‘माझीच घे की, सगळ्यांना तीच असते’ म्हणून स्वतःच्या ५० मायक्रोग्रॅमच्या पाच गोळ्या दिल्या, त्या घेऊन झाल्या. यजमान म्हणतात, ही गोळी एकदा लागली की जन्मात सुटत नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुठं होता थायरॉईड, हा सगळा आळस. ‘मला थायरॉईड आहे की नाही, आणि गोळी सुरू करू का,’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून, लक्षणांखाली रेघा ओढत. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या पानावरच्या एका ओळीशी थांबले : ‘रिपोर्टमध्ये काहीतरी निघू दे, म्हणजे घरचे तरी ऐकतील.’ या ओळीकडे मी नंतर येणार आहे. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

थायरॉईड मंदावलेला असू शकतो. पण हातात आहे त्या एका रिपोर्टवरून मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. गोळी आज सुरू करू नका. शेजारणीची तर नाहीच. त्या बाईंचा डोस त्यांच्या वजनावर, वयावर, त्यांच्या रिपोर्टवर ठरलेला आहे.

तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून तुम्ही गोंधळलात. पण ६.८ हा आकडा नॉर्मलपेक्षा जरासाच वर आहे, आणि दोन चांगले डॉक्टर तिथं वेगवेगळं बोलू शकतात. टीएसएच ४० असता तर दोघंही एकच बोलले असते.

तुमच्या माहेरी गुऱ्हाळ होतं असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मला समजावणं सोपं झालं. काहिलीपाशी गुळव्या उभा असतो, आणि खाली चुलवाणात चिपाड घालणारा गडी. रस नीट उकळत असेल तर गुळव्या गप्प असतो. जाळ कमी झाला की तो ओरडतो, ‘घाल रे!’ आपल्या मानेतली थायरॉईड ग्रंथी म्हणजे तो जाळ घालणारा गडी, आणि तिचं टी४ हे संप्रेरक म्हणजे जाळ. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे, ती गुळव्या. टीएसएच ही त्याची हाक. म्हणून ग्रंथी मंदावली की टीएसएच कमी होत नाही, वाढतो. पुष्कळांचा इथंच उलटा समज होतो.

आता तुमच्या शिबिराच्या रिपोर्टमध्ये फक्त हाक मोजली आहे. जाळ किती आहे ते कुणी पाहिलेलंच नाही, म्हणजे ‘फ्री टी४’ ही तपासणी झालेली नाही. हाक वाढलेली आणि जाळ कमी, तर थायरॉईड खरोखर मंदावलाय. हाक जराशी वाढलेली पण जाळ अजून पुरेसा, तर ती त्याच्या आधीची पायरी. तिला सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम म्हणतात आणि तिथं घाई नसते. क्वचित गुळव्याचाच आवाज बसलेला असतो. जाळ विझत आलाय, पण हाकच येत नाही. अशा माणसाचा टीएसएच चक्क नॉर्मल दिसतो आणि आजार निसटतो. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झालेल्या, किंवा डोक्याला मोठा मार लागलेल्या माणसाला नंतर असा थकवा आला तर नुसत्या टीएसएचवर समाधान मानू नये ते यासाठी.

अजून दोन गोष्टी, ज्या तुम्ही सहज लिहून पुढं गेलात. एक, शिबिराच्या आधी पंधरा दिवस तुम्ही डेंग्यूनं ॲडमिट होता. मोठ्या आजारातून शरीर सावरत असतं तेव्हा टीएसएच काही काळ आपोआप वर जातो आणि खालीही येतो. दोन, केसांसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी चार महिन्यांपासून चालू आहे. त्या पाकिटावर ‘बायोटिन’ हा शब्द आहे का, पाहा. केसांच्या बहुतेक गोळ्यांत तो असतो, आणि अनेकदा भरपूर. काही प्रयोगशाळांच्या यंत्रांची तपासण्याची पद्धतच बायोटिनवर चालते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी४ खोटाच जास्त दाखवला जातो. म्हणजे डेंग्यूनं आकडा वर ढकलला असेल आणि केसांच्या गोळीनं खाली ओढला असेल. खरा आकडा ४ असेल की १२, हे मला सांगता येत नाही, तुमच्या त्या दोन डॉक्टरांनाही येणार नाही. त्यांना या दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. दवाखान्यात गेल्यावर ‘कोणती औषधं चालू आहेत’ असं विचारलं की आपण बीपी-शुगरची सांगतो. केसांची, हाडांची, जाहिरात बघून आणलेली गोळी आपल्या हिशेबी औषधच नसते.

तर तपासणी पुन्हा करायची, पण नीट. शेजारणीची शेवटची गोळी घेतली त्या दिवसापासून सहा आठवडे जाऊ द्या. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो आणि टीएसएच स्थिरावायला त्याहून जास्त. केसांची गोळी निदान दोन दिवस आधी थांबवा. मी माझ्या पेशंटना आठवडाभर आधीच बंद करायला सांगते, म्हणजे शंकाच नको. रक्त सकाळी द्या. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, तेव्हा दर वेळी साधारण एकाच वेळी आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये दिलं तर आकड्यांची तुलना करता येते. उपाशीपोटीच जायला हवं असं नाही. कागदावर तीनच गोष्टी लिहून न्या : टीएसएच, फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ. लॅबवाले ‘थायरॉईड प्रोफाइल’ म्हणून टी३ वगैरे जोडून देतील. मंदावलेला थायरॉईड ओळखायला टी३ चा उपयोग नाही. आजार बराच वाढेपर्यंत तो नॉर्मलच राहतो. मानेला गाठ लागत नसेल तर सोनोग्राफीही नको. खर्च झेपत नसेल तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा.

अँटी-टीपीओ म्हणजे ग्रंथीविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. ती कशासाठी मोजायची, तर कारण कळावं म्हणून. आपल्याकडं मीठ आयोडिनयुक्त झाल्यापासून थायरॉईड मंदावण्याचं मोठं कारण म्हणजे शरीराच्या रक्षक पेशींनी स्वतःच्याच ग्रंथीवर चाल करून जाणं. १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून हाशिमोतोचा आजार. तो बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो आणि घराण्यातही चालतो. तुमची आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला गोळी चालू आहे का, विचारून ठेवा.

पण ताई, थायरॉईड नुसता कागदावर ओळखायचा नसतो, आणि हे मी फार महागात शिकले. माझी आई ६६ वर्षांची होती. आमच्याकडं वैशाखात पत्रे तापलेले असायचे आणि ती माजघरात शाल पांघरून बसायची. मी म्हणायचे, वय झालं. पोट साफ होत नाही म्हणाली, इसबगोल दिला. चेहरा भरला, तर उलट बरं वाटलं की तब्येत सुधारली. गडहिंग्लजच्या मावशीनं एकदा फोन केला, आईनं उचलला, तर पलीकडून मावशी म्हणाली, ‘कोण, भाऊ बोलतोय काय?’ सख्ख्या बहिणीला बहिणीचा आवाज ओळखू आला नाही. त्या रात्री मी आईला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, पावलं मागं मोकळी लोंबत, आणि टाचेवरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला रेंगाळलं, जसं पाण्याखालून येतंय. रोज पेशंटच्या पायांवर मी ही हातोडी मारत होते. घरात दीड वर्ष मारली नव्हती. टीएसएच ८० च्या वर निघाला. वय आणि हृदय बघून २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात केली, हळूहळू वाढवत नेलं. काही महिन्यांनी आईचा संध्याकाळचा आरतीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला तेव्हा मला रडू फुटलं.

म्हणून सांगते, लक्षणं एकेकटी बघू नका, त्यांचा मेळा बघा. थकवा, केस, वजन हे तर कशानंही होतं. पण आधी नसलेली थंडी वाजायला लागणं, आवाज घोगरा होणं, नव्यानं आलेला मलावरोध, सकाळी डोळ्यांखाली सूज, कातडी कोरडी पडणं, पाळीला जास्त जाणं, विचार आणि हालचाल दोन्ही मंदावणं, असं सगळं वर्षा-दीड वर्षात एकाच माणसात गोळा होत गेलं, तर संशय घट्ट होतो. नोटा मोजताना तुमची बोटं बधिर होतात, त्याचाही थायरॉईडशी संबंध असू शकतो. मनगटात सूज धरते आणि तिथली नस दाबली जाते. रात्री हात झटकून जाग येते का? उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्यांची देठं काढताना जास्त होत होतं का? हे डॉक्टरांना सांगा. मोबाईलमधला तीन वर्षांपूर्वीचा एखादा लग्नातला फोटोही सोबत न्या. रोज आरशात बघणाऱ्याला चेहऱ्यातला फरक कळत नाही, फोटोत तो चटकन दिसतो. आणि डॉक्टरांनी मानेला हात लावून, पाण्याचा घोट गिळायला सांगून गळा तपासला नाही, तर तुम्हीच ‘तपासता का’ म्हणून विचारा.

आता जे मला जास्त खुपतंय ते. सगळं थायरॉईडवरच ढकलून मोकळं होऊ नका. पाळीला इतकं जात असेल तर तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? पत्रात ते कुठंच नाही. रक्त कमी असलं, शरीरातलं लोह संपलेलं असलं, की चालताना निम्म्यात बसावं लागतं, केस गळतात, लक्ष लागत नाही. या तपासणीला सहा आठवडे थांबायचं कारण नाही, याच आठवड्यात करा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, शुगर. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा. थायरॉईडनं पाळी वाढते आणि पाळीनं रक्त कमी होतं, म्हणजे दोन्ही एकदमही असू शकतं. वजनाचं म्हणाल, तर थायरॉईडनं वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या घरातलं असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी. गोळीनं वजन उतरेल ही आशा धरून ती सुरू करू नका.

नव्या रिपोर्टमध्ये टीएसएच आणि फ्री टी४ दोन्ही सरळ नॉर्मल आले, तर हा प्रश्न मिटला, थकव्याचं कारण दुसरीकडं शोधायचं. टीएसएच १० च्या वर आला, किंवा फ्री टी४ कमी आला, तर गोळी घ्यायचीच, मागंपुढं बघू नका. टीएसएच मधला आला, म्हणजे वाढलेला पण १० च्या आत आणि फ्री टी४ चांगला, तर दोन वाटा आहेत. एक, गोळी न घेता सहा महिन्यांनी पुन्हा तपासणं. असे पुष्कळ आकडे आपोआप खाली येतात. दुसरी, तुमचं वय आणि त्रास बघता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा महिने गोळी घेऊन बघणं, आणि आकडा जाग्यावर येऊनही त्रास तसाच राहिला तर थांबवणं. अँटी-टीपीओ वाढलेलं असेल तर पहिल्या वाटेनं जाताना दर वर्षी तपासायला विसरू नका, कारण मग आजार पुढं सरकण्याची शक्यता जास्त. तुम्ही माझ्यासमोर असता तर आधी रक्त आणि पाळीचं बघून, मग दुसऱ्या वाटेचा विचार केला असता.

यजमानांना हा मधला भाग वाचून दाखवा. ‘लागली की सुटत नाही’ हे दारू-तंबाखूचं बोलणं झालं. या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन म्हणजे ग्रंथी जे बनवते तेच संप्रेरक, बाहेरून दिलेलं. ग्रंथी कायमची थकली असेल तर ते कायम लागतं, कारण शरीराला ते कायम लागतं. ग्रंथी शाबूत असेल तर ते थांबवता येतं. बाळंतपणानंतर किंवा ग्रंथीच्या सुजेनंतर मंदावलेला थायरॉईड अनेकदा आपला आपण सुधारतो. उलट, गरज नसताना किंवा जादा डोस वर्षानुवर्षं घेतला तर छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात, आणि उतारवयात हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शेजारणीच्या गोळ्यांवर माझा राग आहे तो याच कारणानं.

सुरू झालीच, तर उठल्याबरोबर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या ते एक तासानं. आपल्याकडं अडचण तिथंच येते, डोळे उघडायच्या आधी चहा लागतो. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतरानं, एकत्र घेतली तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी, त्याआधी नाही. तपासणीच्या सकाळी रक्त देऊन मग गोळी.

थायरॉईडला कोबी-फ्लॉवर चालत नाही असं कुणी सांगेल, पण तो शिजवून नेहमीसारखा खा. मीठ मात्र बदलू नका. सासूबाईंनी विचारलंय ना, आमच्या वेळी कुठं होता थायरॉईड? होता. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत तर गळ्याला मोठाली गलगंडं घेऊन माणसं जगत होती, म्हणून १९६२ मध्ये सरकारनं गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि मिठातून आयोडिन घरोघर गेलं. आता तेच मीठ टाकून सैंधव आणायची टूम निघाली आहे, ज्यात ते पुरेसं नसतं. आयोडिनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्याही नकोत. हाशिमोतोमध्ये त्यांनी नुकसान होतं.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. गोळी चालू असताना दिवस गेले तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना कळवा, डोस वाढवावा लागतो. पहिले तीन महिने बाळाची सगळी भिस्त आईच्या थायरॉईडवर असते. सत्तरीच्या आई-वडिलांचा टीएसएच ६ किंवा ७ आला म्हणून घाबरू नका, वयानं तो थोडा वाढतोच. आणि मानेत वाढणारी गाठ, गिळायला त्रास, सतत गुंगी असं काही असेल तर सहा आठवडे वगैरे काही न बघता लगेच दाखवा.

आता ती ओळ. ‘रिपोर्टमध्ये काहीतरी निघू दे.’

ताई, तुमच्याच पत्रात लिहिलंय की पहाटे साडेचारला पाणी येतं आणि ते भरायला तुम्हीच उठता. रात्री भांडी आवरून झोपायला अकरा-साडेअकरा. मध्ये डबे, मुलांची शाळा, पतसंस्थेची वेळ, सासूबाईंचं पथ्य. पाच तासांची झोप वर्षानुवर्षं घेणारं माणूस थकणारच, त्याचा टीएसएच कितीही असो. समजा, सहा आठवड्यांनी सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तेव्हा सासूबाईंचं ‘आळस’ खरं ठरलं असं तुम्हाला वाटेल का? मला त्याचीच भीती वाटते, की तुम्ही तो कागद घडी घालून कपाटात ठेवाल आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला उठाल. रिपोर्ट येण्याआधीच यजमानांना एवढंच सांगा, ‘मला झेपत नाहीये.’ कारण सांगत बसू नका. आणि डॉक्टरांकडं जाताना त्यांना बरोबर न्या. बाहेर गाडीपाशी उभे राहायला नाही, आत, शेजारच्या खुर्चीवर.

एक अजून विचारते, उत्तर मला नाही दिलंत तरी चालेल : मन कसं आहे? आवडीचं काही करावंसं वाटतं का, की रंकाळ्याच्या बाकावर नुसतं बसून राहावंसं वाटतं? थायरॉईडनंही मन उदास होतं, आणि थायरॉईड नसतानाही होतं. रोजचा दिवस नकोसा वाटत असेल तर तेही त्याच डॉक्टरांना, त्याच भेटीत सांगा.

नवे आकडे आले की कळवा, हिमोग्लोबिनसकट. आणि पहाटेचं पाणी भरायला आता कोण उठतं, तेही लिहा.